फवारणीची वेळ कोण ठरवणार?



ज्वारी फुलोऱ्यात आली की भल्या सकाळी रानात जाऊन पाहा. कणसांवर मधमाश्यांची झुंबड असते. ज्वारीच्या फुलात मध नाही. माश्या येतात त्या परागासाठी, आणि तो सकाळीच झडतो. कपाशीचे फूलही सकाळी उमलते, त्याच दिवशी मिटते आणि दुसऱ्या दिवशी लाल पडते. पोयाच्या नांगी नसलेल्या बारीक माश्या थंडीत जरा उशिरा, ऊन तापल्यावर निघतात आणि काही शे मीटरच फिरतात. म्हणजे त्या आपल्याच धुऱ्यावरच्या झाडाच्या ढोलीत, आपल्याच भिंतीच्या भेगेत राहतात.

आणि आम्ही फवारतो कधी? नेमके सकाळीच. मजूर तेव्हाच मिळतो.

कुणी म्हणेल, ज्वारीला माशी लागत नाही, वाऱ्यावर भागते. कपाशीही स्वतःच्या परागावर बोंड धरते. खरे आहे. पण खरिपात ज्वारी-कपाशीवर जगलेली माशीच पुढे तूर, करडई, सूर्यफूल, कांद्याच्या बियाण्यावर जाते. उन्हाळ्यात तिला पळस आणि कडुनिंब तारतात. खरिपात ती मेली तर सूर्यफुलाची फुले पोचट राहतात. त्या नुकसानीचा हिशेब कोणी मांडत नाही.

याचा दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारू देणार नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हाही बोट आधी शेतकऱ्याकडेच वळले. २०२० साली केंद्राने मधमाशीपालनासाठी ५०० कोटी जाहीर केले. पेट्या जरूर द्या. पण पेटीभोवतीच्या रानात ऐन सकाळी विष उडणार असेल तर ती पेटी काय कामाची? माशी कधी फिरते आणि औषध कधी मारू नये, हे बाटलीवर ठळक मराठीत छापा.

आमच्या हातातले आम्ही करू. फवारणी गरज असेल तरच, आणि तीही दिवस कलल्यावर, वारा पडलेला असताना. तोवर त्या दिवसाचे कपाशीचे फूल मिटत आलेले असते. उद्याचे फूल उद्या उमलेल. पानावरचे विष उरते, म्हणून धोका संपत नाही, पण कमी होतो. संध्याकाळच्या मजुरीचा प्रश्न एकट्याने सुटणार नाही. माशी बांध ओळखत नाही, तेव्हा गावाने मिळूनच वेळ ठरवावी. आणि धुऱ्यावरचे कडुनिंब, पळस तोडू नयेत.

जिल्ह्याच्या बैठकीला येताना आपल्या गावाने काय ठरवले, तेवढे सांगा.