आधी दुखणे शोधा, मग पार्ट बदला



एके काळी आपल्या वस्तीत मोटार शिरली की पोरे मागे धावत. मोटार म्हणजे एकतर निवडणुकीतील उमेदवार, नाहीतर कुणाच्या तरी घरी आजारपण. आज तसे राहिले नाही. पतसंस्थेचे कर्ज काढून, भिशीचे पैसे घालून, पाचदहा वर्षे वापरलेली डिकीची गाडी काही घरांच्या दारात उभी आहे. याचा आम्हांस आनंद आहे. पण जुनी गाडी घेणे सोपे, ती सांभाळणे अवघड. नवीन गाडीवाला हप्त्याने गांजतो, जुन्या गाडीवाला गॅरेजच्या बिलाने गांजतो.

आम्ही मेकॅनिक नव्हे. कचेरीत लेजर लिहिणारे कारकून आहोत. परंतु २०२१ साली आम्ही २०१० सालची पेट्रोलची एक जुनी गाडी घेतली, ती हौसेखातर नव्हे. आमच्या आईचे डायलिसिस सुरू झाले होते. आठवड्यातून तीनदा पहाटे इस्पितळ गाठावे लागे. पहिल्या वर्षात आम्ही जी फी भरली, ती वाचकांना भरावी लागू नये, म्हणून हा लेख.

पावसाळ्यातील ती पहाट आम्ही विसरलेलो नाही. आईला मागच्या सीटवर बसवले, चावी फिरवली, तर नुसते टिकटिक, टिकटिक. आई म्हणाली, “राहू दे बाळा, रिक्षानं जाऊ.” शेजारचे रिक्षावाले भाऊ झोपेतून उठून आले खरे, पण पोहोचायला तासभर उशीर झाला. पुढच्या पाळीचा पेशंट दारात बसलेला. आईला चार तासांऐवजी तीनच तास मिशन मिळाले. रात्री ती उशाला उशी लावून बसून होती. तिला धाप लागली होती आणि आम्ही खिडकीतून त्या गाडीकडे पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये सांगण्यात आले, “बॅटरी गेली.” कुणी काही मोजले नाही, आम्हीही विचारले नाही. ४,८०० रुपयांची नवी बॅटरी बसली. महिन्याभरात पुन्हा तेच टिकटिक. या खेपेस आम्ही एका वयस्कर वायरिंगवाल्याकडे गेलो. त्याने मल्टिमीटरची दोन टोके बॅटरीला लावली, गाडी चालू करायला लावली, आकडा पाहिला आणि म्हणाला, “साहेब, बॅटरीला बोल लावू नका. तिला पोटभर मिळतच नाही.” अल्टरनेटरमधले कार्बन झिजले होते. मजुरीसह ९०० रुपये लागले. म्हणजे ९०० रुपयांचे दुखणे, आणि आधी खर्च ४,८००!

त्या दिवशी आम्ही एक गोष्ट शिकलो, ती या लेखाचा मथळा झाली आहे. आता एकेक दुखणे पाहू.

गाडी सुरूच होत नसेल तर आधी कान द्या. टिकटिक आवाज आणि दिवे मंद, तर बॅटरीत जोर नाही किंवा तिच्या तारा सैल आहेत. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा खार साचला असेल तर तो गरम पाण्याने व जुन्या ब्रशने साफ करावा. तार काढताना आधी वजा, बसवताना आधी अधिक, हा क्रम चुकवू नये. दिवे झगझगीत आहेत पण आवाजच नाही, तर सेल्फ किंवा त्याची वायर पाहावी. सेल्फ नीट फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तर पेट्रोल किंवा ठिणगी यांपैकी एक पोहोचत नाही. चावी अर्धी फिरवल्यावर मागून पेट्रोल पंपाची बारीक घूं ऐकू येते का पाहावे. येत नसेल तर आधी त्याचा फ्यूज तपासावा. फ्यूज दहावीस रुपयांचा असतो, पंप हजारोंचा.

साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो वस्तीत चार जणांनी मिळून घेतला तरी चालेल. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.४ हवा. चालू इंजिनवरही तो १२ च्या घरात अडकला, तर दोष बॅटरीचा नसून ती भरणाऱ्या अल्टरनेटरचा, त्याच्या पट्ट्याचा किंवा वायरिंगचा आहे. एवढे दोन आकडे आम्हांस आधी ठाऊक असते तर आईचा एक तास वाचला असता.

दुसरे दुखणे इंजिन तापण्याचे. हे सर्वांत महागडे. २०२२ च्या मे महिन्यात आम्ही पुतणीच्या लग्नाला नाशिकला निघालो होतो. कसारा घाटात ट्रकांमागे गाडी मुंगीच्या पावलाने चाललेली, एसी चालू. काटा वर सरकू लागला. धाकटा भाऊ गाडी चालवत होता. तो म्हणाला, “दादा, वर टपरी आहे, तिथं थांबू.” आम्ही बरे म्हणालो. टपरी आली नाही, त्याआधी इंजिन बंद पडले. हेड वाकले, गॅस्केट जळाले. बिल २२,००० रुपये. मूळ दोष काय निघाला? रेडिएटरचा पंखा चालू करणारा रिले बिघडला होता. तो काही शे रुपयांचा. उरलेले सगळे पैसे त्या दोन किलोमीटरचे.

म्हणून वाचकांनी हे पाठच करावे. काटा लाल खुणेकडे गेला की एसी बंद करावा, गाडी कडेला सुरक्षित घ्यावी, इंजिन बंद करावे. टपरी, धाबा, मामाचे घर, कशाचीही वाट पाहू नये. लगेच कडेला घेता येत नसेल तर हीटर पूर्ण उघडावा. इंजिनची काही उष्णता आत येते. घाम येईल, पण हेड वाचेल. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, ते उसळून तोंड-हात भाजतात. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नये, धातूला तडा जातो. इंजिन पुरते गार होऊ द्यावे, मग पाणी पाहावे.

कारण शोधण्याची खूणही सोपी आहे. उभ्या गाडीत किंवा गर्दीत तापते, पण मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर पंख्याकडे संशय घ्यावा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा फिरू लागतो. उभ्या गाडीत तो फिरतो का ते दर महिन्याला पाहावे. मोकळ्या रस्त्यावरही तापते, तर पाणी कमी, रेडिएटर तुंबलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा वॉटर पंप गेलेला असू शकतो. आम्ही कूलंटचे पैसे वाचवायला नळाचे पाणी भरत होतो. त्याने आत गंज व क्षार धरतात. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा रंग दिसला आणि कूलंटही घटत असेल, तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असावे. मग गाडी चालवू नये.

धुरालाही भाषा असते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, एअर फिल्टरपासून तपास सुरू करावा. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ निघणारच. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि पाणी कमी होत गेले, तर गॅस्केटची शंका घ्यावी.

इंजिन ओरडते, पण गाडी त्या मानाने पळत नाही, विशेषतः चढावर, तर क्लच घसरतो आहे. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते, तर चाकांचे बॅलन्सिंग पाहावे. हात सोडताच गाडी एका बाजूला ओढते, तर आधी टायरची हवा मोजावी, मग अलाइनमेंट करावे. टायरवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी घेताना नक्षी चांगली दिसली म्हणून फसू नये, जन्मतारीख वाचावी.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर नाही. ब्रेक दाबताना लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येतो, तर पॅड संपले आहेत. पेडल स्पंजासारखे दबते, तर ब्रेकच्या ऑइलमध्ये हवा शिरली आहे. पेडल हळूहळू तळाला जाते, तर गाडी जागची हलवू नये. ऑइलची पातळी घटली तर नुसते वरून ओतू नये. पॅड झिजले किंवा कुठे गळती आहे, याची ती सूचना असते. हे काम घरी करू नये, जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

आता गॅरेजची गोष्ट. तेथे हात काळे करणारी मुले आपल्यासारख्याच घरांतील आहेत. त्यांच्याशी उर्मटपणे बोलू नये, पण गप्पही बसू नये. तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. दोष काय आहे? तो कशावरून कळला? काम झाल्यावर जुना पार्ट मला दाखवाल ना? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट उत्साहाने समजावतो. मोठ्या कामाचा अंदाज आधी कागदावर घ्यावा.

आणि एक वही करावी. तारीख, किलोमीटर, काय काम झाले, किती पैसे लागले. कारकुनाची खोड म्हणा, पण या वहीने आमचे पैसे वाचवले. एकच दुखणे दोनदा आले की वही बोलते. त्याच वहीत आरसी, विमा व पीयूसी यांच्या तारखाही लिहाव्यात. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. गाडी घेतल्याबरोबर आरसी आपल्या नावावर करून घ्यावी आणि जुन्या मालकाचे कर्ज आरसीवरून उतरले आहे ना, ते पाहावे.

शेवटी घरातल्या बायाबापड्यांसाठी. ‘मशीन हे पुरुषांचे काम’ हे आम्हीही म्हणत होतो. आज रविवारी सकाळी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी पुसते, कूलंटची पातळी पाहते, टायरची हवा तपासते ती आमची मुलगी. पाच मिनिटे लागतात. सपाट जागी, गाडी गार असताना पाहायचे, एवढेच ध्यानात ठेवायचे. आमच्या सौ. वही लिहितात. आमच्याकडे फक्त बिल भरण्याचे काम उरले आहे.

आई आजही मागच्या सीटवर बसते. चावी फिरवण्याआधी दरवेळी विचारते, “होईल ना रे चालू?” आम्ही आदल्या संध्याकाळी व्होल्ट पाहिलेले असतात. म्हणून आता आम्ही तिला ‘होईल’ असे सांगू शकतो.