समुद्राचा शेजार आणि थायरॉइडची गाफिली
प्रकृतिविचार : आचरेकर

आमच्या किनाऱ्यावर एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या इतकी घट्ट रुजली आहे की तिची शहानिशा करावी असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. ती अशी की ज्याच्या दारात समुद्र, ज्याच्या ताटात मासळी आणि ज्याच्या घरात मिठागरातले जाडे मीठ, त्याला गळ्याच्या ग्रंथीचा विकार होण्याचे कारणच नाही. गलगंड हा डोंगराळ मुलखाचा रोग, हिमालयाच्या पायथ्याचा, फार तर सातपुड्यातला. आचरा, मालवण, देवगड या खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्याशी त्याचा संबंध काय, असे शहाणीसुरती माणसेही विचारतात. या समजुतीत तथ्यांश मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. पण तो अल्प आहे, आणि त्याच्या आधारावर आम्ही जी निश्चिंती भोगतो ती मात्र फार मोठी आहे.

गलगंड होतो तो आयोडीनच्या तुटवड्याने, म्हणून प्रथम मिठातल्या आयोडीनचाच हिशेब पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन असते अवघे 50 ते 60 मायक्रोग्रॅम. मिठागरात पाणी आटताना त्यातला एक कणही वाया गेला नाही असे क्षणभर गृहीत धरले, तरी 10 ग्रॅम मिठातून पोटात जाणारे आयोडीन 15-16 मायक्रोग्रॅमच्या फारसे वर जात नाही, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज आहे 150 मायक्रोग्रॅमची. म्हणजे सोळा आण्यांच्या देण्यापोटी जेमतेम पावणेदोन आणे भरणा. प्रत्यक्षात त्यातलेही बरेचसे आटवणीतच निसटते. याउलट आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडताना दहा लाख भागांत किमान 15 भाग आयोडीन असावे असा कायद्याचा दंडक आहे, आणि त्याचे 10 ग्रॅम बरोबर 150 मायक्रोग्रॅम देतात. मासळीतून आयोडीन मिळते हे खरे. पण 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना समुद्र बंद, त्यापाठोपाठ श्रावण, शिवाय वर्षभराचे सोमवार, चतुर्थ्या आणि एकादश्या, हे सारे खाडे मांडले म्हणजे आमचे मत्स्याहारी म्हणवून घेणे थोडे हात राखूनच करावे लागेल.

मिठात आयोडीन घालण्याची ही तजवीज कोणा कचेरीच्या लहरीतून निघालेली नाही. 1956 सालापासून आजच्या हिमाचलातील कांग्रा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी काही वस्त्यांना आयोडीनयुक्त मीठ आणि काहींना साधे मीठ देऊन, वर्षानुवर्षे तेथील मुलांचे गळे तपासून, गलगंड कसा ओसरतो हे दाखवून दिले. 1962 साली त्यावरून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावरची बंदी मध्यंतरी उठवली गेली होती ती 2006 साली पुन्हा अंमलात आली. सुकी मासळी खारवायला, आमसुलांना पुटे द्यायला जाडे मीठ खुशाल वापरावे; आमटीत मात्र पुडीतलेच मीठ पडावे, आणि तेही झाकणाच्या कोरड्या बरणीतून, कारण चुलीशेजारच्या उघड्या भांड्यातल्या मिठाला आषाढात पाणी सुटते आणि त्या पाण्याबरोबर आयोडीनही खाली उतरते.

इतके केले म्हणजे प्रश्न मिटला काय? मुळीच नाही, आणि समुद्राच्या भरवशावर बसलेल्यांची खरी फसगत येथेच होते. आज थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांपैकी बहुसंख्यांच्या विकाराचा आयोडीनच्या तुटवड्याशी काडीचाही संबंध नसतो; शरीराची संरक्षक यंत्रणाच भ्रमिष्ट होऊन स्वतःच्या ग्रंथीवर चालून जाते आणि तिचा हळूहळू क्षय करते, हे त्याचे कारण असते. या प्रकाराचे वर्णन जपानी शल्यवैद्य हाशिमोतो यांनी 1912 सालीच करून ठेवले आहे. देशातल्या ज्या आठ ठिकाणांची पाहणी 2013 साली प्रसिद्ध झाली त्यांत मुंबई आणि गोवा ही दोन्ही होती. तीत प्रौढांपैकी सुमारे 11 टक्के लोकांत ग्रंथीची मंदता आढळली, आणि त्यांतल्या जवळजवळ एक-तृतीयांश लोकांना आपल्याला काही झाले आहे याची वार्ताही नव्हती. किनाऱ्यावरची ठिकाणे आतल्या शहरांपेक्षा किंचित बरी निघाली, एवढेच काय ते समुद्राचे पुण्य.

वार्ता नसण्याचे कारण असे की हा रोग रोगाच्या वेषात येतच नाही. त्याला ताप नाही, ठणका नाही, जखम नाही. चाळिशीची गृहिणी सकाळी उठते ती थकलेलीच. ‘आंगात कायच बळ नाय’ म्हणते, आणि ऐकणारे ते वयावर, कामावर किंवा, सासू जरा जुन्या वळणाची असली तर, आळसावर ढकलून मोकळे होतात. पौषात इतरांना सुखद वाटणारा गारठा तिला बोचतो, बद्धकोष्ठ जडते, त्वचा खरखरीत होते, केस विंचरताना फणीत राहतात, आवाज घोगरा होतो, पापण्या सुजतात, पाळीचा स्राव वाढतो, खाणे वाढलेले नसताना वजन चढते, आणि बोलता बोलता शब्द आठवेनासा होतो. यांतले प्रत्येक लक्षण सुटे घेतले तर क्षुल्लक, आणि प्रत्येकाला घरगुती खुलासा तयारच असतो. चार-पाच एकत्र दिसली तरी कोणी जमाखर्च मांडत नाही. माझी खरी तक्रार आहे ती याच ठिकाणी. पुरुषाचा पाय लचकला तर त्याच संध्याकाळी रिक्षा दारात येते, आणि घरातल्या बाईचा मंदपणा मात्र वर्षानुवर्षे स्वभाव म्हणून चालवून घेतला जातो. वास्तविक हा विकार स्त्रियांत पुरुषांच्या कितीतरी पट अधिक आहे.

याची रुजुवात फार सोपी आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ही जणू वरिष्ठ कचेरी; खालच्या दप्तरातून काम वेळेवर येईनासे झाले की तिचे तगादे वाढत जातात, आणि रक्तातल्या टीएसएच नामक द्रव्याचे माप हेच त्या तगाद्यांचे माप. ग्रंथी मंदावली की टीएसएच चढते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तपासणीपूर्वी दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात, कारण त्यांच्यामुळे आकडा फसवा येऊ शकतो. उलट प्रकारही घडतो: ग्रंथी बेफाम सुटते, भूक असूनही माणूस वाळतो, छाती धडधडते, बोटे थरथरतात, उकाडा सोसवत नाही, कधी डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात, अशा वेळी टीएसएच तळाला जाते, आणि इलाज कार्बिमाझोलसारख्या गोळ्यांनी, किरणोत्सारी आयोडीनने किंवा शस्त्रक्रियेने होतो. या गोळ्या चालू असता घसा धरून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्त तपासून घ्यावे. गळ्याला गाठ लागली तर सोनोग्राफी करावी. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, पण तो निवाडा आपण आरशासमोर करायचा नसतो.

मंदतेवरचा उपचार ही वैद्यकाच्या इतिहासातील एक विलक्षण साधी गोष्ट आहे. 1891 साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क या विकाराने जर्जर झालेल्या एका 46 वर्षांच्या बाईला टोचला, आणि ती बाई त्यानंतर 28 वर्षे जगली. आज अर्काची जागा लेव्होथायरॉक्सिनच्या इवल्याशा स्वस्त गोळीने घेतली आहे; पण ती घ्यायची पद्धत आमच्याकडे निम्म्या घरांत चुकते असे मला वाटते. ही गोळी पहाटे रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवायच्या. आणि मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी फेरतपासणी करायची, त्याआधी केलेली तपासणी व्यर्थ. बरे वाटू लागले म्हणून गोळी परस्पर सोडणारे जे असंख्य आहेत त्यांना फसवणारी गोष्ट एकच: हे द्रव्य शरीरातून निम्मे व्हायलाच सात दिवस लागतात. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल होऊन सारा गाव घरेदारे सोडून गावपळणीला निघाला, वेशीबाहेरच्या झोपड्यांत तीन दिवस-तीन रात्री मजेत गेल्या आणि बाटली घरीच राहिली, तर काही बिघडत नाही. पण ‘तीन दिवस नाय घेतलंय, काय झाला?’ असे म्हणून जो तीन महिने तसाच राहतो, तो आधीची शिल्लक खात असतो, आणि ती संपल्यावर त्याला जुना थकवा नवा रोग म्हणून भेटतो.

दुसऱ्या टोकाचाही अतिरेक नको. सत्तरीच्या आजोबांचे टीएसएच किंचित वर दिसले की लगेच गोळी सुरू करण्याची घाई करू नये. अनावश्यक मात्रेने हृदयाचा ठोका बिघडतो आणि हाडे ठिसूळ होतात.

मंदतेच्या बाबतीत घाई करायची ती दोनच ठिकाणी, आणि तेथे एक दिवसही दवडू नये. दिवस राहिल्याचे कळताच स्त्रीने टीएसएच पाहून घ्यावे आणि गोळी चालू असेल तर मात्रेविषयी लगेच विचारावे, कारण पहिले तीन महिने गर्भाच्या मेंदूची घडण बव्हंशी मातेच्याच ग्रंथीवर अवलंबून असते. दुसरे ठिकाण नवजात अर्भकाचे: काही मुले ग्रंथीविना किंवा दुबळ्या ग्रंथीनिशी जन्मतात, दिसायला अगदी निरोगी असतात, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी मिळाली तर इतर मुलांसारखीच वाढतात; महिनेच्या महिने गेले तर बुद्धीची जी हानी होते ती भरून निघत नाही. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर हे कळते. शेजारच्या गोव्याने अशा तपासणीची सरकारी योजना 2008 सालीच सुरू केली होती, आणि आमच्यातले कितीतरी लोक औषधोपचारासाठी तिथल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाची वाट धरतात. बाळंतपण मालवणात होवो, ओरोसला होवो वा बांबोळीला, बारशाची वाट न पाहता, तिसऱ्या दिवशी, घरी निघण्यापूर्वी बाळाच्या टाचेची ही तपासणी झाली का हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा, आणि झाली नसेल तर ती मागून घ्या.