कागद कुठला आहे, ते आधी बघा

तुमच्या घरात येणाऱ्या बऱ्याच महत्त्वाच्या कागदांवर इंग्रजी असतं. डॉक्टरांची चिठ्ठी, लॅबचा रिपोर्ट, बँकेचं पत्र, विम्याची पॉलिसी. त्यात एखादा अवघड शब्द आला की तुम्ही थांबता, कुणाला तरी विचारता. ओळखीच्या शब्दापाशी मात्र कुणी थांबत नाही. फास्टिंग, पॉझिटिव्ह, बॅलन्स, सेटलमेंट हे शब्द आपण दिवसभर बोलतो. त्यांचा अर्थ काय विचारायचा, असं वाटतं. नुकसान होतं ते तिथेच.

इंग्रजीतला एकच साधा शब्द चार ठिकाणी चार कामं करतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ‘आउटस्टँडिंग’ असलं तर नातवाला शाबासकी द्या. तोच शब्द बँकेच्या पत्रात असला, तर तेवढे पैसे तुमच्याकडून येणं बाकी आहे. म्हणून शब्द वाचण्याआधी कागद कुठला आहे, ते बघा.

आधी औषधपाण्याचं बोलू. तिथली चूक थेट अंगावर येते.

लॅबवाले सांगतात, ‘फास्टिंग शुगर आहे, सकाळी या.’ फास्टिंग म्हणजे उपास, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्या उपासाला साबुदाण्याची खिचडी चालते, राजगिऱ्याचा लाडू चालतो, केळं चालतं, चहा तर चालतोच. लॅबच्या उपासाला यातलं काहीही चालत नाही. रक्त देण्याआधी किमान आठ तास पोटात साध्या पाण्याशिवाय काही जाऊ देऊ नका. बिनसाखरेचा चहासुद्धा नको. नाहीतर साखर आहे त्यापेक्षा वाढलेली दिसेल, आणि त्या आकड्यावरून गोळी वाढेल. घरात कुणी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल, तर ते त्या सकाळी घ्यायचं की नाही, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

आता चिठ्ठी हातात घ्या. औषधाच्या नावापुढे ‘टीडीएस’ लिहिलेलं दिसेल. बँकेत टीडीएस म्हणजे व्याजातून कापलेला कर. पाण्याच्या फिल्टरवाल्याच्या तोंडी टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. चिठ्ठीवर मात्र त्याचा अर्थ दिवसातून तीन वेळा. ‘बीडी’ म्हणजे दोन वेळा, ‘ओडी’ म्हणजे एकदा. ही अक्षरं मुळात लॅटिन शब्दांची आहेत. त्यामुळे चांगलं इंग्रजी येणारा माणूसही इथे अडतो. तुम्हाला ती कळली नाहीत, तर त्यात कमीपणा काही नाही.

सगळ्यात जास्त घोळ ‘एसओएस’चा होतो. सिनेमात आणि बातम्यांत एसओएस म्हणजे जिवावर बेतल्यावर मारलेली हाक. म्हणून काही जण दुखणं सहन होईनासं होईपर्यंत ती गोळी घेतच नाहीत. काही जण इतर गोळ्यांसोबत तीही रोज घेत राहतात. दोन्ही चूक. चिठ्ठीवर एसओएस म्हणजे गरज लागली तरच. गरज कशाला म्हणायचं, ते डॉक्टरांनाच विचारा. ताप किती असला की द्यायची? दोन गोळ्यांमध्ये किती तास सोडायचे? दिवसात जास्तीत जास्त किती? उत्तरं चिठ्ठीवरच मराठीत लिहून घ्या.

लहान मुलांच्या औषधाच्या बाटलीवर ‘सस्पेन्शन’ असं छापलेलं असतं. सरकारी नोकराच्या घरात या शब्दाने धडकी भरते. गॅरेजमध्ये तो गाडीच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरशी जोडलेला असतो. बाटलीवर त्याचा अर्थ एवढाच, की औषधाचे बारीक कण द्रवात तरंगत असतात आणि बाटली ठेवून दिली की तळाशी बसतात. न हलवता दिलंत, तर पहिले काही दिवस लेकराला पातळ, कमी जोराचं औषध जातं आणि शेवटी शेवटी फार जोराचं. प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवा. पावडर घरी कालवायची असेल, तर पाणी उकळून गार केलेलं घ्या आणि खुणेपर्यंतच भरा. कालवलेलं औषध किती दिवस चालतं, ते बाटलीवर असतं. त्यापुढे ते ठेवू नका, दुसऱ्या भावंडाला तर मुळीच देऊ नका.

रिपोर्टमधलं ‘पॉझिटिव्ह’ कोविडच्या दिवसांत सगळ्यांना कळलं. जे शोधत होतो ते सापडलं, एवढाच त्याचा अर्थ. ते सापडणं चांगलं की वाईट, हे काय शोधत होतो त्यावर ठरतं. हिपॅटायटिस बीची लस घेतल्यावर अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या, तर लस लागू पडली. रक्तगट निगेटिव्ह असणं हाही आजार नव्हे. पण घरातल्या गरोदर लेकीचा किंवा सुनेचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर पुढच्या बाळंतपणात त्रास होऊ शकतो. तो टाळण्यासाठी वेळेवर द्यायचं इंजेक्शन असतं.

सोनोग्राफीच्या कागदावर ‘अनरिमार्केबल’ दिसलं तर घाबरू नका. त्या अवयवात दखल घेण्यासारखं काही आढळलं नाही, असं तो शब्द सांगतो. ‘क्रॉनिक’ म्हणजे भयंकर नव्हे. बरेच दिवस चाललेलं, असा त्याचा अर्थ. ‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे अचानक सुरू झालेलं. रिपोर्ट रात्री मोबाइलवर आला आणि एखाद्या शब्दाने झोप उडाली, तर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. ज्यांनी तपासणी सांगितली, त्यांनाच सकाळी दाखवा.

आता पैशांचे कागद.

पासबुकात ‘बॅलन्स’ म्हणजे तुमचे शिल्लक पैसे. दुकानाच्या किंवा दवाखान्याच्या बिलावर बॅलन्स म्हणजे तुम्ही अजून द्यायचे पैसे. कर्ज ‘सँक्शन’ झालं म्हणजे मंजूर झालं. पैसे अजून हातात आलेले नसतात. त्या कागदाच्या जोरावर घराचा विसार देऊन बसू नका.

‘फ्लॅट रेट’पासून फार जपून राहा. ऐकायला तो सरळसोट वाटतो. समजा, 1 लाख रुपये वर्षभरासाठी 12 टक्के फ्लॅट दराने घेतले. दर महिन्याला मुद्दल फिटत जातं, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावरच लागतं. वर्षाचं व्याज 12,000 रुपये. तेच 12 टक्के उरलेल्या मुद्दलावर, म्हणजे ‘रिड्युसिंग’ पद्धतीने, लावले असते, तर व्याज साधारण 6,600 रुपये झालं असतं. म्हणजे फ्लॅटचे 12 टक्के खरे साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातात. टक्का ऐकलात की लगेच पुढचं विचारा: फ्लॅट की रिड्युसिंग? शेवटच्या हप्त्यापर्यंत माझ्या खिशातून एकूण किती जाणार?

हे विचारणं तुमचा हक्क आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सर्वसामान्य कर्जदाराला सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद द्यावा लागतो. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर असतो. तो कागद कर्जदाराला कळेल अशा भाषेत हवा आणि समजावूनही सांगायला हवा. मराठीत मागा. समोरचा घाई करत असेल, तर कागद घरी घेऊन या.

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात. ‘मिनिमम ड्यू’ हा लहान आकडा भरला की महिना सुटला, असं पुष्कळांना वाटतं. तेवढ्याने दंड टळतो, व्याज टळत नाही. उरलेल्या रकमेवर ते चालू राहतं, आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून लागतं. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस. मोठा आकडा भरा. जमत नसेल, तर कार्ड काही महिने कपाटात ठेवा.

आणि ‘सेटलमेंट’. आपल्या बोलण्यात सेटलमेंट झाली म्हणजे भांडण मिटलं, विषय संपला. कर्जात तसं नाही. बँक ठरलेल्या रकमेपेक्षा कमी घेऊन बाकीवर पाणी सोडते, आणि तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ अशी नोंद होते. या माणसाने पूर्ण फेडलं नाही, असा अर्थ पुढचा कर्ज देणारा त्यातून काढतो. पुढे मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात, की ती नोंद समोर येते. संकटच तसं असेल तर सेटलमेंट करा, पण हे माहीत असू द्या. नंतर हातात पैसे आले, तर राहिलेली रक्कम भरून ‘क्लोज्ड’ अशी नोंद करता येईल का, ते बँकेला विचारा.

पूर्ण फेडलंत तर तसं पत्र घ्या आणि घराचे मूळ कागद परत मागा. ते 30 दिवसांत द्यावे लागतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दर दिवसामागे 5,000 रुपये तुम्हाला मिळायला हवेत. हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे.

मोबाइलवर ‘रिसीव्ह’, ‘अ‍ॅक्सेप्ट’, ‘अप्रूव्ह’ असं काही आलं आणि पिन मागितला, तर हात मागे घ्या. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना कधीच लागत नाही. जुना सोफा विकताना घेणारा म्हणाला, ‘पैसे पाठवलेत, फक्त अ‍ॅक्सेप्ट करा आणि पिन टाका,’ तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच, तर लाज बाळगत बसू नका. लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर कराल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

घरातल्या शिकलेल्या मुलांशीही बोलायचं आहे. आई किंवा आजोबा कागद घेऊन आले, तर मोबाइलवरची नजर काढा. ‘काही नाही हो, साधंच आहे,’ म्हणून कागद परत देऊ नका. पूर्ण वाचा. तुम्हालाही एखाद्या शब्दाची खात्री नसेल तर अंदाज सांगू नका, बँकेत किंवा मेडिकलमध्ये फोन करून विचारा.

एक काम मात्र आजच करा. जाड पेन घ्या. घरातल्या प्रत्येक औषधाच्या पाकिटावर आणि बाटलीवर मराठीत लिहा: कुणाचं, कशासाठी, जेवणाआधी की नंतर, दिवसातून किती वेळा. आजोबांना चष्मा न लावता वाचता येईल एवढं मोठं लिहा.