अंग दुखलं म्हणजे व्यायाम लागला?

"अंग दुखलं म्हणजे व्यायाम लागू पडला," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला हे अर्धंच खरं वाटतं. उरलेलं अर्धं चक्क धोक्याचं आहे.

सवय नसताना एकदम फार व्यायाम केला, तर स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना त्रास देतं. डॉक्टर याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. एक-दोन दिवसांत स्नायू सुजतात, हातपाय उचलवत नाहीत, लघवी कोऱ्या चहासारखी होते. धडधाकट तरुणांनाही हे होतं, हे विशेष! बैठका मारून झाल्याच्याही नोंदी आहेत. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू ताणलाही जातो आणि त्याच वेळी जोरही लावतो. त्यात तो जास्त दुखावतो.

आमच्या रे रोडला दारूखान्यात लोखंड उचलणारे हमाल बघा. तेवढं वजन ते रोज पेलतात, कारण त्यांच्या शरीराला वर्षांची सवय आहे. स्नायूला हौस कळत नाही, सवय कळते. एक जानेवारीला जिममध्ये नाव घालून पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारणाऱ्याकडे हौस भरपूर असते, सवय नसते.

२०१४ च्या जूनमध्ये मुंबई पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान काही उमेदवार दगावले. प्रत्येकाचं कारण हेच होतं असं मी म्हणत नाही, पण ऊन आणि अतिश्रम एकत्र आले की हा धोकाही वाढतो. आता पुरुषांना १६०० मीटरच धावावं लागतं. पण भरतीची तयारी एका महिन्यात उरकू पाहणाऱ्या पोरांना हे कोण सांगणार?

जुन्या तालमीत वस्ताद नव्या पोराला थोड्याच जोर-बैठका सांगायचा आणि हळूहळू आकडा वाढवायचा. त्याला मायोग्लोबिन ठाऊक नव्हतं, पण पोराची कुवत ठाऊक होती. आजच्या ट्रेनरकडे मशिनं आहेत. ही नजर मात्र हवी. मला वाटतं, पहिल्या दिवशी "बास" म्हणणारा ट्रेनरच खरा.

तेव्हा भाचरांनो, व्यायाम जरूर करा, पण आठवड्या-आठवड्याने वाढवा. लघवी काळपट दिसली तर दुखण्याची गोळी घेऊन घरी पडून राहू नका, ती मूत्रपिंडांना आणखी त्रास देऊ शकते. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. रक्त तपासून वेळेवर सलाईन लागलं, तर बहुतेकजण पूर्ण बरे होतात.

तुमच्या जिममध्ये "बास" कोण म्हणतं? जरूर लिहा.