घरी गेलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले?

कांदिवली पश्चिमेच्या हिरानंदानी हेरिटेज या गृहसंकुलात 30 मे 2021 रोजी करोना लसीकरणाचे शिबिर भरले. 390 रहिवाशांनी प्रत्येकी 1,260 रुपये भरून इंजेक्शन घेतले. पुढच्या दिवसांत त्यांच्या लक्षात आले, की ना कोणाला ताप आला, ना कसला त्रास झाला. मागाहून हाती पडलेली प्रमाणपत्रे निरनिराळ्या रुग्णालयांच्या नावांची निघाली. संशय बळावला, तक्रार झाली आणि बनावट लसीकरणाचे प्रकरण बाहेर आले. मुंबईत अशा शिबिरांतून दोन हजारांवर लोक फसवले गेल्याचे राज्य सरकारने पुढे उच्च न्यायालयात सांगितले. फसवणूक करणाऱ्यांना पकडले पोलिसांनी, पण फसवणूक ओळखली रहिवाशांनी. इंजेक्शन घेतल्यावर पुढे काय झाले, हे त्यांनी एकमेकांना विचारले आणि जे व्हायला हवे होते त्याच्याशी ताडून पाहिले.

रुग्णांवरच्या उपचारांचे सारे संशोधन याच प्रश्नावर उभे असते. उपचार दिला, पुढे काय झाले? आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत नेमका हाच प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो.

कांदिवलीच्या स्वामी विवेकानंद मार्गावर महापालिकेचे भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय आहे. लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘शताब्दी’. चारकोप, पोईसर, लालजीपाड्यापासून पूर्वेच्या दामूनगर, क्रांतीनगरपर्यंतचे लोक तिथे केसपेपर काढायला रांगेत उभे राहतात. उपनगरातल्या अशा कोणत्याही रुग्णालयाचा हिशेब मागितला, तर बाह्यरुग्ण किती आले, दाखल किती झाले, शस्त्रक्रिया आणि बाळंतपणे किती झाली, हे सांगता येते. डिस्चार्ज कार्ड घेऊन जो घरी गेला तो सहा महिन्यांनी कसा आहे, कामावर परतला का, औषध परवडते का, दुखणे उलटले का, की तो दगावला, हे त्या हिशेबात येत नाही. रुग्णाच्या आजाराचा सलग इतिहास असतो तो त्याच्या घरातल्या प्लास्टिकच्या पिशवीत. डिसेंबर 2015 मध्ये दामूनगरला आग लागली आणि शेकडो झोपड्या खाक झाल्या, तेव्हा घरांसोबत घरातले कागदही गेले. ज्यांचे उपचार चालू होते, त्यांना पुढच्या डॉक्टरला सगळे तोंडीच सांगावे लागणार होते.

या शहराला हे काम जमत नाही असे मात्र नाही. मुंबईत 1963 मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांत जाऊन नोंदी घेत. रुग्ण किती काळ जगले हे शोधण्यासाठी मृत्यूच्या दाखल्यांशी नावे पडताळली गेली, पत्रे गेली, पत्ता शोधत माणसे घरोघर गेली. संगणक आणि मोबाइल नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने याच शिस्तीवर जगभरच्या शस्त्रक्रियागृहांपर्यंत पोहोचणारे संशोधन केले आहे. त्यातले एक उदाहरण सामान्य वाचकाने नीट समजून घ्यावे असे आहे. दात काढण्यापूर्वी हिरडी बधिर करायला जे लिग्नोकेन वापरतात, तेच स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती टोचले तर? गाठ हाताळली जाताना कर्करोगाच्या पेशी इतरत्र पसरण्याला त्याने आळा बसेल का, असा डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रश्न होता. देशातल्या 11 केंद्रांत सुमारे 1,600 महिला या चाचणीत सहभागी झाल्या. निम्म्यांना इंजेक्शन दिले, निम्म्यांना दिले नाही, बाकी उपचार सारखेच. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्या गटात 90.1 टक्के महिला हयात होत्या आणि दुसऱ्या गटात 86.4 टक्के. निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. औषध जुने, पेटंट नाही, किंमत किरकोळ. ज्यातून कोणाला नफा होणार नाही असा हा प्रश्न कोणतीही औषध कंपनी विचारणार नव्हती. तो सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या रुग्णालयानेच विचारायचा होता.

या आकड्यांमागचे कष्ट मात्र दिसत नाहीत. शस्त्रक्रियेच्या दिवशी दोन्ही गटांतल्या महिला सारख्याच होत्या, फरक दिसला तो पुढच्या वर्षांत. गावी परतलेल्या, घर बदललेल्या, फोन क्रमांक बदललेल्या बायकांचा माग काढत राहिल्याशिवाय तो दिसला नसता. इंजेक्शन टोचायला काही मिनिटे लागली, त्याचा उपयोग सिद्ध व्हायला वर्षे लागली.

उलट उत्तर मिळाले तरी ते तितकेच मोलाचे असते. स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरल्यावर मूळ गाठ काढून उपयोग होतो का, हे टाटा रुग्णालयाने 350 महिलांच्या चाचणीत तपासले. गाठ काढलेल्या आणि न काढलेल्या महिलांच्या आयुर्मानात फरक पडला नाही, असे 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. अशा आजाराने आधीच खचलेल्या बाईला एक मोठी शस्त्रक्रिया, तिची जखम, तिचा खर्च आणि रुग्णालयातले दिवस टाळता येतात, हे तेव्हा पुराव्यानिशी कळले. ‘काहीतरी केलेच पाहिजे’ या नातेवाइकांच्या आग्रहाला डॉक्टरकडे त्यामुळे उत्तर आले.

किती जगला, याच्या जोडीने कसा जगला, हेही विचारावे लागते. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण तोंडाच्या कर्करोगाचे. तंबाखू, मावा आणि गुटख्याने महाराष्ट्रात हा आजार घरोघर पोहोचवला आहे. टाटा रुग्णालयातल्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या पथकाने सुरुवातीच्या अवस्थेतल्या 500 रुग्णांचा अभ्यास केला. मानेतल्या गाठी हाताला लागत नसल्या तरी पहिल्याच शस्त्रक्रियेत त्या काढाव्यात, की नंतर वाढल्या तर काढाव्यात? पहिल्याच वेळी काढलेल्यांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी 67.5 टक्के. इतका मोठा फरक क्वचित दिसतो आणि अनेक वर्षांचा वाद त्याने मिटवला. पण मानेच्या या शस्त्रक्रियेनंतर काहींचा खांदा आखडतो, हात वर जात नाही. कांदिवलीहून सकाळची चर्चगेट लोकल पकडून, वरची कडी धरून उभ्याने जाणाऱ्या माणसाला खांद्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. जीव वाचवणारी शस्त्रक्रिया करावीच लागेल. तिच्यानंतरच्या फिजिओथेरपीची सोय रुग्णाच्या घराजवळ झाली पाहिजे, ही मागणी मात्र खांद्याचा प्रश्न कोणी मोजल्याशिवाय पुढे येत नाही.

मोजण्याची साधने आहेत आणि ती मराठीतही आहेत. कर्करोगाच्या रुग्णांचे जीवनमान समजून घेण्यासाठी युरोपातल्या संशोधकांनी तयार केलेली 30 प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. डोके आणि मानेच्या कर्करोगासाठी तिला वेगळी पुरवणी आहे. गिळताना त्रास होतो का, तोंड पुरेसे उघडते का, बोलणे लोकांना कळते का, चारचौघांत जेवताना अडचण होते का, अशा गोष्टी ती विचारते. तिची मराठी आणि हिंदी रूपे टाटाच्या डॉक्टरांनी रुग्णांवर तपासून 2005 मध्येच वापरायोग्य ठरवली आहेत. पंगतीला बसायचे टाळणारा, लग्नाला जाणे सोडून दिलेला माणूस डॉक्टरला आपणहून हे सांगत नाही. त्याला विचारावे लागते, तेही त्याच्या भाषेत.

असे विचारले की उपचारांची निवडही बदलते. तोंडाचा आजार बरा होण्याच्या पलीकडे गेला, की सलाइनमधून सिस्प्लॅटिन देणे ही रूढ पद्धत. टाटातील डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी तिच्यासमोर मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या तोंडाने घ्यायच्या जुन्या, स्वस्त गोळ्या ठेवल्या. 422 रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान 7.5 महिने, सिस्प्लॅटिनवाल्यांचे 6.1 महिने. तीव्र दुष्परिणाम गोळ्यांच्या गटात 19 टक्क्यांना, दुसऱ्या गटात 30 टक्क्यांना. हा फरक महिन्या-दीड महिन्याचा दिसेल, पण ते महिने कुठे गेले हे पाहिले पाहिजे. आकुर्लीच्या एखाद्या खोलीतल्या रुग्णाला सलाइनसाठी परळ गाठायचे म्हणजे रिक्षा, लोकल, जिने, पूल, बरोबर एक माणूस आणि त्या माणसाचा बुडालेला रोज. गोळ्यांमुळे हाच रुग्ण उरलेले दिवस आपल्या माणसांत काढू शकतो.

मुंबईच्या वस्त्यांनीही या संशोधनात मोठी भर घातली आहे. 1998 पासून शहराच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाखाहून अधिक महिलांचा समावेश असलेल्या अभ्यासात, दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन व्हिनेगारसारख्या सौम्य आम्लाने गर्भाशयमुखाची तपासणी करायला लावले. तपासणी झालेल्या वस्त्यांत या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. अभ्यासाचे प्रमुख डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी 2013 मध्ये हे निष्कर्ष मांडले तेव्हा जगाने दखल घेतली. त्याच वेळी एक कठोर प्रश्नही विचारला गेला. तुलनेच्या गटातल्या महिलांना आरोग्यशिक्षण मिळाले, तपासणी नाही. त्यांच्यातले काही मृत्यू टळले नसते का? तेव्हा देशात अशा तपासणीची सार्वत्रिक सोय नव्हती, म्हणून त्यांना मिळत होते त्यातले काही काढून घेतले नाही, असे संशोधकांचे उत्तर होते. ते पूर्ण समाधान करत नाही. तुलनेचा गट ज्या वस्तीतून घेतला, तिथेच सिद्ध झालेला उपाय सर्वांत आधी पोहोचला पाहिजे, ही अट अशा प्रत्येक अभ्यासात पहिल्या दिवसापासून लेखी असावी.

कारण ‘आमच्यावर प्रयोग करतात’ ही गरीब रुग्णाची भीती उगाच नाही. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात किशोरवयीन मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प राबवला गेला. काही मुलींच्या मृत्यूनंतर तो थांबवण्यात आला. मृत्यूंचा लशीशी संबंध नसल्याचे चौकशीत आढळले. परंतु अनेक मुलींसाठी पालकांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांनी संमतीच्या सह्या केल्याचे समोर आले आणि संसदीय समितीने 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर नियम सुधारले. वैद्यकीय चाचण्यांसाठीच्या 2019 च्या नियमांनी नैतिकता समितीची मंजुरी, माहितीपूर्वक संमती आणि इजा झाल्यास भरपाई यांची चौकट घातली. वैद्यकीय चाचण्यांची सार्वजनिक नोंदणी 2009 पासून सक्तीची आहे आणि ती कोणालाही पाहता येते. कांदिवलीतल्या रुग्णाने सही करण्यापूर्वी ‘याची नोंदणी झाली आहे का, मी नकार दिला तर माझे उपचार थांबतील का’ हे विचारावे. उपचार थांबत नाहीत, थांबवता येत नाहीत, हे त्याला समोरच्या डॉक्टरने स्वतःहून सांगितले पाहिजे.

उपनगरी रुग्णालयांनी लगेच नव्या औषधांच्या चाचण्या घ्याव्यात, असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्यासमोरचे काम त्याआधीचे आणि अधिक सोपे आहे. मधुमेह, क्षयरोग, पक्षाघात, मांडीच्या हाडाचे फ्रॅक्चर, सिझेरियन, अशा मोजक्या आजारांच्या आणि शस्त्रक्रियांच्या रुग्णांची संमती घेऊन एक, सहा आणि बारा महिन्यांनी मराठी, हिंदी किंवा गुजरातीत विचारपूस करायची. कांदिवलीच्या आर दक्षिण विभागात महापालिकेच्या आरोग्यसेविका घरोघर फिरतात; फोन न लागणाऱ्यांपर्यंत त्या पोहोचू शकतात. पण त्यांच्या तुटपुंज्या मानधनावर हे ओझे फुकट टाकता येणार नाही, कामाचे वेगळे पैसे मिळालेच पाहिजेत. जिथे पदव्युत्तर विद्यार्थी आहेत, तिथे त्यांना प्रबंध लिहावाच लागतो. दर वर्षी नवा विषय, चाळीस-पन्नास रुग्ण आणि मग कपाटात गठ्ठा, असे होण्यापेक्षा सर्वांचे प्रबंध एकाच दीर्घ नोंदीला जोडले तर पाच वर्षांत कांदिवलीच्या रुग्णांविषयी खरोखर काही कळेल.

अशा नोंदीला डॉक्टर घाबरतील. मृत्यूचे प्रमाण जास्त दिसले तर मार खायची वेळ येईल, ही त्यांची धास्ती आजच्या वातावरणात खोटी म्हणता येत नाही. म्हणून नोंद डॉक्टरांची परीक्षा घेण्यासाठी नसावी. गंभीर रुग्ण उशिरा आला, खाट नव्हती, एमआरआयसाठी दुसरीकडे जावे लागले, ही कारणेही तिच्यात यावीत. तसे झाले तर तीच नोंद डॉक्टरांच्या बाजूने बोलेल आणि रिक्त पदांचा प्रश्न अर्जविनंतीऐवजी पुराव्याने मांडता येईल. रुग्णांची नावे गुप्त राहतील याची हमी प्रशासनाने द्यायची आहे.

पैशाचे कारण इथे टिकत नाही. मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा होता आणि त्यातला साधारण दहावा हिस्सा आरोग्यासाठी होता. दूरध्वनीवरून विचारपूस करणारे प्रशिक्षित कर्मचारी, एक संख्याशास्त्रज्ञ आणि स्थानिक नागरिकांना स्थान असलेली नैतिकता समिती, एवढा खर्च त्यात सहज बसतो. महापालिकेने ‘शताब्दी’पासून सुरुवात करावी, पहिल्या वर्षी दोनच आजार घ्यावेत आणि वर्षअखेरीचा अहवाल, निष्कर्ष कसेही असोत, मराठीत छापून रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीजवळ लावावा. कांदिवलीच्या लोकप्रतिनिधींनी पुढच्या अर्थसंकल्पात यासाठी स्वतंत्र तरतूद मागावी आणि ती मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.