चोरदरवाज्याचा जमाखर्च

न्यूयॉर्कच्या बावन्नाव्या रस्त्यावर 'ट्वेंटी-वन' नावाचे एक प्रसिद्ध हॉटेल होते. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. त्याच काळात, 1930 च्या आरंभी, जॅक क्रीन्डलर व चार्ली बर्न्स यांनी ते 21 क्रमांकाच्या घरात थाटले. पोलीस आले की फळ्या तिरप्या होत आणि बाटल्या खाली घरंगळत. तळघराचे दार हुबेहूब भिंतीसारखे. तळघर मात्र शेजारच्या 19 क्रमांकाखाली! म्हणजे "21 मध्ये दारू नाही" असे सांगताना नोकरांना खोटेही बोलावे लागत नसे. 2020 साली ते बंद पडले.

ही हकिगत ऐकून मित्र खूष झाले. मला मात्र आपली मुंबई आठवली. 1949 च्या कायद्यानंतर तेथे 'आंटीं'चे अड्डे निघाले, घरोघर हातभट्टी शिरली. 'परमिट रूम' ही पाटी त्याच कायद्याची आठवण. विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली बंदी आली आणि 2021 साली उठली. बंदी असलेल्या गुजरातेत 2009 साली विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. तेथे ना माप होते, ना पावती.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. माझे गाव सावरगाव, मध्य प्रदेशातले. घरात मराठी, कचेरीत हिंदी. सुटीत घरी गेलो असता मी आईला ऐटीत सांगितले, "बंदीपेक्षा परवाना बरा. हिशेब राहतो, सरकारला कर मिळतो."

माझे एक काका दारूपायी गेले. काकूंचे दागिने त्याआधीच गेले होते. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "काकूच्या पाटल्या तुझ्या वहीत कुठल्या पानावर मांडशील रे?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. कर जमेला दिसतो. खर्च दुसऱ्याच्याच घरात नावे पडतो.

मित्रहो, बंदीने चोरदरवाजे निघतात हे खरे. पण म्हणून परवाना देऊन हात झटकणे हाही शहाणपणा नव्हे. महाराष्ट्रात एक सोय आहे. गावातील निम्म्याहून अधिक स्त्रीमतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिले, तर दुकान बंद होते. ज्यांच्या नावे खर्च पडतो, त्यांनाच विचारण्याची ही रीत मला न्याय्य वाटते. असे मतदान आमच्या सावरगावातही व्हावे. काकूंचे मत मोजले जावे, एवढीच माझी मागणी आहे.