धावपट्टीवरचे दिवे पुरेसे नाहीत

पाम (जि. पालघर) : वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आणि त्यापाठोपाठ पालघर जिल्ह्यात विमानतळ उभारण्याचा मनोदय राज्य सरकारने व्यक्त केला. विमानतळ म्हटला की ‘नाईट लँडिंग’ची मागणी ओघानेच येते. मात्र धावपट्टीवर दिवे बसवले की रात्रीचे उड्डाण सुरक्षित झाले, हा समज अपुरा आहे. लहान खासगी विमानांच्या बाबतीत तर तो धोकादायकही ठरू शकतो.

भारतात खासगी वैमानिकाचा परवाना वयाच्या सतराव्या वर्षापासून आणि किमान ४० तासांच्या उड्डाणानुभवावर मिळू शकतो. तथापि, केवळ या परवान्यावर रात्री विमान चालवता येत नाही. त्यासाठी रात्रीच्या उड्डाणाचे स्वतंत्र प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. दुसरा निर्बंध अधिक कडक आहे. ‘व्हीएफआर’ म्हणजे बाहेर पाहून, नजरेच्या आधारे केलेले उड्डाण. सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयापूर्वी २० मिनिटांपर्यंत अशा उड्डाणास मनाई आहे. हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाने मुभा दिल्यास स्थानिक उड्डाणे व फ्लाइंग क्लबची प्रशिक्षण उड्डाणे एवढाच काय तो अपवाद. त्यापलीकडे रात्री प्रवास करायचा, तर उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याची पात्रता हवी.

किनाऱ्यावरचा काळोख

हा नियम जाचक वाटू शकतो. पण पाम-तारापूरच्या किनाऱ्यावर त्याचे कारण सहज उमगते. या अक्षांशावर संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख दाटतो. पूर्वेला बोईसर आणि तारापूर औद्योगिक वसाहतीचा लखलखाट, तर पश्चिमेला अरबी समुद्राचा अथांग अंधार. चंद्र नसलेल्या रात्री समुद्र आणि आकाश यांतील रेषाच पुसली जाते. सातपाटी-मुरबे भागातील मासेमारी नौकांचे दिवे वरून ताऱ्यांसारखे भासू शकतात. अशा वेळी वैमानिकाच्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा त्याला फसवते. विमान एका अंगाला कलत असतानाही ते सरळ चालले आहे, असे वाटू लागते.

उतरतानाचा धोका वेगळाच आहे. भोवताली अंधार आणि मध्येच उजळलेली धावपट्टी असेल, तर आपण प्रत्यक्षापेक्षा अधिक उंचीवर आहोत असा भास होऊन वैमानिक विमान अकारण खाली आणतो. त्यात डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राची सुमारे २७५ मीटर उंचीची चिमणी, उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे आणि पूर्वेकडील डोंगर यांची भर. तारापूर अणुऊर्जा केंद्रासारख्या संवेदनशील स्थळांचे भान राखणेही दिवसा तुलनेने सोपे असते. रात्री सारी भिस्त नकाशा आणि उपकरणांवर.

दोन अपघात, दोन धडे

अमेरिकेत नियम सैल आहेत. तेथे खासगी वैमानिक उपकरण-उड्डाणाच्या पात्रतेशिवायही रात्री नजरेच्या आधारे प्रवास करू शकतो. १६ जुलै १९९९ रोजी रात्री जॉन एफ. केनेडी ज्युनिअर असेच निघाले होते. त्यांच्याकडे ती पात्रता नव्हती. धुरकट हवेत, मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ त्यांचे विमान समुद्रात कोसळले. ते, त्यांची पत्नी व मेहुणी असे तिघेही ठार झाले. दिशाभ्रमामुळे विमानावरील ताबा सुटला, असा तपास यंत्रणेचा निष्कर्ष होता. यंत्रात बिघाड आढळला नाही. भारतातील नियमांत असे उड्डाण बसलेच नसते.

मात्र केवळ पात्रतेनेही धोका संपत नाही. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी पवन हंसचे हेलिकॉप्टर बॉम्बे हायच्या परिसरात समुद्रात कोसळले. त्यात दोन वैमानिक होते आणि तो रात्री उतरण्याचाच सराव होता. व्यावसायिक वैमानिकांनाही काळोखाचा सराव सतत करावा लागतो, तर महिन्याकाठी एखाद्या रविवारी विमान उडवणाऱ्या हौशी वैमानिकाची स्थिती काय असेल?

मागणी कशाची करावी?

१९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. कायदा नवा असला तरी अंधार जुनाच आहे. त्यामुळे पालघरच्या नियोजित विमानतळासाठी ‘नाईट लँडिंग’ मागताना यादी थोडी लांब करावी लागेल. उतरण्याचा योग्य कोन दाखवणारे लाल-पांढरे दिवे, चिमण्या व मनोऱ्यांवरील धोकादर्शक दिव्यांची नियमित तपासणी, रात्रभर मिळणारी हवामानाची माहिती आणि हवा बिघडल्यास वळण्याजोगा जवळचा दुसरा प्रकाशित विमानतळ, हे सारे त्यात असायला हवे.

वैमानिकाच्या बाजूने यादी छोटीच आहे. अंधाराला सरावण्यासाठी डोळ्यांना सुमारे अर्धा तास द्यावा, इंधन राखून ठेवावे आणि हातात विजेरी असावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शंका आल्यास मुक्काम करावा. सूर्यास्तानंतरची ती वीस मिनिटे निघण्याची घाई करण्यासाठी नाहीत, जमिनीवर परतण्यासाठी आहेत.